डावरा घोडेस्वार

माझ्या मोठ्या भावाचं म्हणून जे चित्र आमच्या घरात पन्नासेक वर्षं भिंतीवर होतं, त्यात माझा भाऊ नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्या बायकोला माहीत नव्हतं, त्याच्या पोराला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. आता सांगून झालं आहे. लिहून ठेवतो, कारण तोंडी सांगताना मी स्वतःची बाजू घेतो अशी माझी सवय आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीत गेलो नाही, कारण मास्तरांनी पाटीवरचा बैल पुसायला सांगितला आणि मी पुसला नाही. मास्तरही हट्टी, मीही हट्टी. पाटी काखेत मारून घरी आलो तो परत गेलोच नाही. बापानं दोन थपडा दिल्या, पण बैल बघून म्हणाला, शिंगं बरी जमली. तेवढ्यावर मी पुढं पेंटर झालो. वाशीमला खोली घेतली आणि दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची कमळं, लग्नाचे फलक, निवडणुकीच्या भिंती, सगळं रंगवलं. आमच्या गावी, मेडशीला, आठवड्यातून एकदा एसटीनं यायचो.

मोठा भाऊ घरची शेती पाहायचा. तो डावरा होता. विळा डाव्या हातात, कुऱ्हाड डाव्या हातात. जेवताना मात्र उजव्या, कारण लहानपणी आई डाव्या हातावर पळी मारायची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, बोलायला कमी. लग्नाला चार वर्षं झाली होती, पोरगं दीड वर्षाचं होतं, आणि तुरीच्या वावरात त्याला साप चावला. जवळच्या मालेगावच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडी पोचली, तो पोचला नाही.

त्याचा फोटो नव्हता. लग्नात एक काढला होता, त्यात बाशिंग आणि मुंडावळ्यांच्या मागं कोण आहे ते देवालाच ठाऊक. तोही पुढं वाळवीनं खाल्ला.

त्याच्या तेराव्यानंतर दोन-अडीच महिन्यांतली गोष्ट. वाशीमला एक जण पत्र्याची खेळणी करायचा. शिट्ट्या, भिंगऱ्या, टिक-टिक वाजणारे बेडूक. त्यानं टिकल्यांचं पिस्तूल काढलं. शिरपूरच्या जत्रेत, शेलूबाजारच्या बाजारात विकायला. पिस्तुलाला पुठ्ठ्याचा डबा आणि डब्यावर चित्र पाहिजे. तो म्हणाला, असं चित्र पाहिजे की लेकरानं मायचा पदर सोडू नये. मी म्हटलं, काढतो. मला पिस्तूल कसं धरतात तेही धड ठाऊक नव्हतं.

ज्या छापखान्यात डबा छापायचा होता तिथं परदेशी रद्दीचे गठ्ठे यायचे. त्या रद्दीत मला एक पुस्तक सापडलं, अर्धं फाटलेलं, सगळं चित्रांचं. माणसांच्या तोंडातून फुगे निघालेले आणि फुग्यात इंग्रजी. एका पानावर एक गोरा, मोठ्या टोपीचा, पळत्या घोड्यावर बसून मागं वळून पिस्तूल मारतो आहे. बाप्पा, काय घोडा होता! मी ते पान सदऱ्यात घातलं. खोलीवर आल्यावर पातळ कागदाला गोडेतेल पुसलं. तेल पुसलं की कागद काचेसारखा होतो. तो पानावर ठेवून घोडा, माणूस, सगळं जसंच्या तसं गिरवलं. मग चोरी दिसू नये म्हणून टोपी काढून फेटा बांधला आणि ओठावर मोठी पीळदार मिशी ठेवली. पान चुलीत घातलं.

चित्राचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, अकोल्याहून करून आणावा लागे. मी म्हटलं, अकोला कशाला, मीच कोरतो. लिनोलियमचा, म्हणजे फरशीवर अंथरतात त्या रबरासारख्या पट्टीचा, एक जाड तुकडा मिळवला, त्यावर कार्बन ठेवून चित्र उतरवलं आणि चार दिवस पटाशीनं कोरलं. कोरलेलं पाहून स्वतःवरच खूश झालो. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा म्हातारा होता, त्यानं तो तुकडा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तो तसाच मशीनवर चढवला. मशीनवर पहिला डबा छापून निघाला तेव्हा मला कळलं. छापताना चित्र उलटं होतं. खिळ्यांवरची अक्षरं म्हणूनच उलटी असतात. ब्लॉकही उलटा कोरावा लागतो. पाट्या रंगवणाऱ्याला हे कुठून माहीत असणार? माझा घोडेस्वार आता दुसऱ्या दिशेनं पळत होता आणि पिस्तूल त्याच्या डाव्या हातात होतं.

खेळणीवाल्यानं डबा उजेडात धरला. म्हणाला, "हा डावरा काहून?"

खिळे जुळवणारा गालात हसत होता. त्याच्यासमोर चुकलो म्हणायचं माझ्या जिवावर आलं. तोंडातून निघालं ते असं, "माह्या मोठ्या भावावर काढला. तो डावरा व्हता."

खेळणीवाल्याला माझा भाऊ गेल्याचं माहीत होतं. त्यानं डबा खाली ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, राहू दे मग असाच. खिळे जुळवणाऱ्याचं हसू गेलं. त्यानंही मान खाली घातली. एवढ्या एका वाक्यावर माझी चूक माझा मोठेपणा झाली. मेलेल्या भावाला पुढं करून मी स्वतःची अब्रू वाचवली. त्या वेळी मला वाईट वाटलं नाही, हे खरं सांगतो. सुटलो असंच वाटलं.

मेडशीला माझ्याआधी बातमी पोचली. मी एसटीतून उतरून घरी गेलो तर वहिनी उंबऱ्यात बसलेली. सासूसमोर ती माझ्याशी फार बोलत नसे. त्या दिवशी उठून पुढं आली. म्हणाली, "भाऊजी, तुमी त्याइले छापलं मंतात लोकं?"

त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. पिशवीत डबा होता, तो काढून दिला. तिनं तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, मिशी अशी नव्हती त्यांची, पण हात त्यांचाच आहे. आईनं डबा हातात घेऊन पदर डोळ्यांना लावला. मी हातपाय धुवायला मागच्या अंगणात गेलो आणि लई वेळ धूतच राहिलो.

वहिनीनं चित्र कात्रीनं कापून घेतलं, फ्रेम करून आणलं आणि भिंतीला लावलं. पित्तरात त्याच्यापुढं ताट ठेवायची. पोळ्याला बैलांना ओवाळण्याआधी तिथं कुंकू लावायची. माझा पुतण्या ते चित्र बघत मोठा झाला. अठरा-एकोणिसाव्या वर्षी त्यानं तशीच पीळदार मिशी ठेवली. गावात लोक म्हणायचे, बापावर गेला. मी चोरी लपवायला ठेवलेली मिशी पुतण्याच्या तोंडावर उगवली, आणि मी ती दर आठवड्याला बघत होतो. आज तो अकोल्याला नोकरीला आहे, मिशी पांढरी झाली, पण पीळ सोडला नाही.

मला त्या चित्राचा अभिमान नव्हता असं नाही. हेही सांगितलं पाहिजे. कोणी घरी आलं की मी त्यांना फ्रेमपुढं नेत असे. माझ्या डोक्यातलं आहे, म्हणायचो. घोड्याला एकच कान काहून, असं एकदा एकानं विचारलं तेव्हा मी त्याला झापलं. पळत्या घोड्याचा एक कान मागं जातो, म्हटलं, तू कधी घोडा पाहिला का?

मी आता वाशीमची खोली सोडून मेडशीत वहिनीच्या शेजारीच राहतो. गेल्या दिवाळीत पुतण्याची पोरगी सुट्टीला आली. पुण्याला चित्रांच्या कॉलेजात शिकते. मला आबाजी म्हणते, आणि मी तिच्यावर थोडा जास्तच जीव टाकतो, कारण आमच्या घराण्यात हातात ब्रश धरणारी माझ्यानंतर तीच. तिला कॉलेजात एक काम दिलं होतं. जुन्या खेळण्यांच्या डब्यांवरची चित्रं कुठून आली त्याचा माग काढायचा. वाशीम, कारंजा, शेलूबाजारच्या बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यांवरून तिनं डबे गोळा केले होते. ते तिनं वहिनीच्या ओसरीवर मांडले आणि लॅपटॉपवर जुनी चित्रपुस्तकं लावली.

सुरुवातीला लई मजा आली. एका पिचकारीच्या डब्यावर पाणबुड्या होता. मूळ पुस्तकात त्याच्या हातात भाला होता, आपल्या पेंटरनं भाला काढून पिचकारी दिली. समुद्राच्या तळाशी हा कोणावर पाणी उडवतो आहे, असं पोरीनं विचारलं तर वहिनी पोट धरून हसली. बेडकाच्या डब्यावर हिरवा बेडूक होता. मुळात तो शहर गिळणारा राक्षस होता. पेंटरनं फक्त त्याच्या तोंडावर हसू चढवलं होतं. पाण्यात फटफट करणाऱ्या पत्र्याच्या बोटीच्या डब्यावर चक्क लढाऊ जहाज होतं, त्याचा झेंडा खोडून तिथं कमळ टाकलेलं. ज्यानं टाकलं त्याला मी ओळखत होतो.

पोरीनं फोनवर माझं बोलणं भरून घ्यायला सुरुवात केली. मी मांडी घालून बसलो आणि सांगितलं, हे सगळे चोर होते. मी एकटा असा, ज्यानं दुसऱ्याच्या पानाला हात लावला नाही. तिनं भिंतीकडं फोन फिरवला, फ्रेमचा फोटो घेतला. वहिनी तूर निवडत होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. तिच्या माणसाचा फोटो कॉलेजात जाणार होता.

दुसऱ्यांना चोर म्हटलं आणि मीच चोरासारखा सापडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीच्या बाजूला बसलो होतो. ती एकेक पान पुढं करत होती आणि ते पान आलं. टोपी, पळता घोडा, मागं वळून मारलेली गोळी. मी ताबडतोब म्हटलं, हे नाही, पुढं चल. तिनं पुढं केलं. मग मागं आली. थांबली. तिनं पान उलटं केलं, आरशात बघावं तसं, आणि त्याच्या बाजूला फ्रेमचा फोटो ठेवला.

मी म्हटलं, घोडा कोणाचाही घोड्यासारखाच असतो. तिनं खोगिराचा पट्टा दाखवला, तीच घडी. गुडघ्याजवळची सुरकुती दाखवली. मी म्हटलं, योगायोग. मग तिनं पडद्यावर घोड्याच्या डोक्याशी बोट ठेवलं. मूळ चित्रात त्या गोऱ्याच्या तोंडातून निघालेला फुगा घोड्याच्या एका कानावर आला होता. फुग्यामागं कान दिसत नव्हता. मला फुगा नको होता म्हणून मी फुगा सोडला आणि कान काही काढलाच नाही. त्याच एका कानावर मी लोकांना शिकवण देत आलो होतो.

पोरगी माझ्यावर चिडली नाही. ती चिडली असती तर मी भांडलो असतो, भांडणात मला कोणी हरवत नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "आबाजी, हे मी लिवणार नाई. पण आजीले तुमी सांगा."

तीन दिवस मी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मेडशीच्या स्टँडवर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी पोरीला समजवायला गेलो की म्हातारपणी वहिनीला हे ऐकवणं पाप आहे. ती म्हणाली, पाप कोणाचं ते तुमीच पाहा. तिसऱ्या दिवशी जेवताना वहिनीनं मला आग्रह करून भाकर वाढली आणि सहज म्हणाली की आता कॉलेजातले लोक पण यांना पाहतील, तुमच्यामुळं झालं भाऊजी. मी अर्ध्या जेवणावरून उठलो.

चौथ्या दिवशी सकाळी ती अंगणात सूप घेऊन बसली होती. मी खाली बसलो. पोरगी दाराशी उभी होती. मी सांगितलं. रद्दीतलं पान, तेलाचा कागद, सुलटा कोरलेला ब्लॉक, छापखान्यातलं वाक्य. मधे एकदा मला वाटलं, त्या वेळी मी तरुण होतो असं म्हणावं, पण म्हटलं नाही.

वहिनीचे हात सुपातच राहिले. फ्रेमकडं बघून तिनं विचारलं, "मंग हा कोण?"

"कोणी नाई. गोऱ्यायच्या पुस्तकातला. खरा माणूस बी नाई."

"पित्तरात मी त्याले कढी-वडे वाढले," ती म्हणाली. "त्याले कढी आवडते का नाई तेबी मले मालूम नाई."

पोरगी तोंडावर हात ठेवून हसली की रडली, मला कळलं नाही. वहिनी हसली नाही. ती उठली, भिंतीवरची फ्रेम काढली, पदरानं पुसली आणि पोरीच्या हातात दिली. तुझ्या डब्यांत ठेव, म्हणाली. मग माझ्याकडं वळली.

"तुमी त्याइच्या संगं वाढले. पेंटर हाय मंतात. कागद घ्या अन काढा."

मी घरून कागद आणि पेन्सिल आणली. ओसरीवर बसलो. डोक्याचा गोल काढला, कपाळ काढलं, डोळे काढले. डोळे झाले की मिशी आली. खोडली. पुन्हा काढलं. पुन्हा तीच मिशी, तीच त्या गोऱ्याची हनुवटी. मी डोळे मिटून भावाला आणायचा प्रयत्न केला. बांधावर उभा, विळा हातात, माझ्याकडं वळतो आहे. वळला की फेटा बांधलेला तोच घोडेस्वार. मी त्याच्यासोबत लहानपणापासून एका ताटात जेवलो, आणि त्याचं तोंड मला येईना. चौथा कागद मी फाडला तेव्हा वहिनीला कळलं.

"तुमालेबी नाई येत," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मले तर कवाचंच नाई येत. मी रोज त्या भिंतीकडं पाह्यलं. पाहून पाहून आतलं तोंड पुसलं गेलं. मले वाटे, बाई, तुह्या डोळ्याचा दोष हाय, चित्र तर बरोबर हाय." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमी नुसता खोटा फोटो नाई लावला भाऊजी. माह्या आत होता तोबी काढून घेतला."

मी कागद गोळा करत बसलो.

संध्याकाळी पोरीनं बापाला फोन लावला आणि मला दिला. पुतण्याला मीच सांगावं असं वहिनीचं म्हणणं होतं. सांगितलं. पलीकडं अकोल्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "काका, मंग मी कोणासारखा दिसतो?"

फोनचा आवाज मोठा होता, वहिनीनं ऐकलं. ती तिथूनच म्हणाली, "तू तुह्या मामासारखा दिसतं. लहानपणापासून. लोकंच मनत बापासारखा, मी कवा मनलं?"

पुतण्या फोनवर हसला. ते हसणं ऐकून मी फोन पोरीला देऊन टाकला. हसला म्हणजे माफ केलं असं नाही. वहिनीनंही केलेलं नाही. आधी मला भाकर वाढताना दोनदा विचारायची, आता एकदा विचारते. पोरगी पुण्याला जाण्याआधी विचारत होती की डब्याखाली काय लिहू. मी म्हटलं, पाणबुड्याच्या खाली जे लिहिलं तेच. चोरलेलं. वर माझं नाव-गाव लिही, लपवू नको. तिनं माझं जुनं बोलणं, हे सगळे चोर होते, फोनमधून पुसू का असं विचारलं. मी नको म्हटलं.

रोज दुपारी मी कागद घेऊन वहिनीच्या ओसरीवर जातो. ती कधी बोलावते, कधी काम आहे म्हणते. बोलावलं तर एखादी गोष्ट सांगते. कपाळ रुंद होतं. हसताना खालचा ओठ एका बाजूला जायचा. डाव्या भुवईत लहानपणीचा वण होता, विटीचा. वण मला आठवला, कारण ती विटी मी मारली होती. पण चेहरा अजून आलेला नाही. आतापर्यंत कागदावर कपाळ आणि खालचा ओठ आहे. नाकावर आमचं भांडण चालू आहे. ती म्हणते सरळ होतं, मी म्हणतो थोडं वाकडं होतं, आणि आमच्या दोघांत खरं कोण बोलतो आहे हे सांगायला आता तिसरं कोणी उरलेलं नाही. मी नाकाची जागा मोकळी ठेवली आहे.